दुसऱ्याचे पथ्य

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्यांच्या दुखण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले असता, पुढची औषधे लिहिण्यापूर्वी त्यांनी रक्ताच्या काही तपासण्या करून घेतल्या आणि त्यांत क्रिएटिनिन १.४ आले. रिपोर्टच्या छापील रकान्यात स्त्रियांसाठी वरची मर्यादा १.१ दिलेली होती. एवढ्यातेवढ्याने काही होत नाही, असे घरात सर्वांचेच मत पडले. त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत 'ईजीएफआर ४०', म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, असेही छापलेले होते, तिकडे आमच्यापैकी कोणाचे लक्ष गेले नाही. डॉक्टरांचे मात्र गेले, आणि त्यांनी गुडघ्यांसाठी मूत्रपिंडांना घातक ठरू शकणारी वेदनाशामक गोळी न लिहिता मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठी दिली.

हे दोन आकडे एकमेकांशी कसे जुळतात, ते मला मूत्रपिंडतज्ज्ञांनी नीट समजावून सांगितले. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते आणि मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात. माझ्यासारख्या बावन्न किलो वजनाच्या वयस्क बाईच्या अंगात स्नायूच कमी असल्यामुळे ते मुळात थोडेच तयार होते, आणि म्हणून गाळण्याची क्षमता बरीच घटली तरी रक्तातला आकडा फारसा वर चढत नाही. चाळीस वर्षांच्या पुरुषाच्या रिपोर्टमध्ये हाच १.४ आला असता, तर सूत्रानुसार त्याची क्षमता ६५ च्या आसपास निघाली असती. माझ्या वयाला आणि बाईच्या देहाला तीच ४० निघाली. म्हाताऱ्या बायकांच्या रिपोर्टमधले क्रिएटिनिन तेवढे पाहून 'थोडेसे वाढले आहे' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती धोक्याची वाटते.

पहिल्या भेटीत निदान झाले नाही. एकाच तपासणीवरून आजार जुना की तात्पुरता, हे ठरत नाही. बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला तरच तो दीर्घकालीन म्हणायचा, असा नियम आहे. त्यामुळे त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले, आणि मधल्या काळात लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण व पोटाची सोनोग्राफी करून घेतली. सोनोग्राफीच्या वेळी आधी भरपूर पाणी प्यायला लावून लघवी रोखून धरायला सांगतात आणि नंतर ती करून आल्यावर पुन्हा पाहतात. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर वर ताण येऊन मूत्रपिंडे बिघडू शकतात. वयस्क पुरुषांत प्रोस्टेटमुळे हे बरेचदा घडते. माझ्याकडे तशी अडचण नव्हती. मूत्रपिंडे थोडी आकसलेली होती. लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण मात्र १८० आले, आणि ते ३० च्या आत असावे लागते.

या शेवटच्या आकड्याने माझा एक समज दूर झाला. चाळिशीनंतर गाळण्याची क्षमता दरवर्षी साधारण एकेक अंकाने उतरत जाते, तेव्हा हे सगळे वयोमानाप्रमाणेच आहे, असे मी आणि यजमान एकमेकांना सांगत होतो. परंतु नुसत्या वयाने लघवीतून एवढी प्रथिने झिरपत नाहीत. वीस वर्षांचा रक्तदाब आणि दहा-बारा वर्षांची साखर यांनी गाळण्याच्या जाळीवर आपले काम केले होते. शेजारच्या बाईंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला. महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे सोलापुरात बहुतेक प्रत्येक दुखण्याची चर्चा कधी ना कधी पाण्यावर येतेच. पण माझ्या बाबतीत कारण शोधायला तिथवर जाण्याची गरज पडली नाही.

तीन महिन्यांनी आकडा तोच राहिला आणि 'टप्पा ३-ब' असे फाइलवर लिहिले गेले. ईजीएफआर ४५ ते ५९ म्हणजे ३-अ, ३० ते ४४ म्हणजे ३-ब, १५ ते २९ म्हणजे चौथा आणि त्याखाली पाचवा, असे हे टप्पे आहेत.

खरा गोंधळ इथून पुढे सुरू झाला, आणि तो औषधांचा नसून ताटाचा होता. माझ्या नणंदेचे यजमान अनेक वर्षे डायलिसिसवर होते. बातमी कळल्यावर वन्सं दुसऱ्याच दिवशी होटगी रोडवरून रिक्षाने आल्या, आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, घड्यांवर फाटत चाललेला आहाराचा कागद माझ्या हातात ठेवला. "अगं, आत्तापासून पाळ, म्हणजे ती वेळच यायची नाही," असे त्या कळवळून म्हणाल्या. कागदावर दिवसाला पाणी एक लिटर, भाज्या चिरून दोनदा उकळून पाणी टाकून द्यायच्या, फळे जवळजवळ बंद, नारळपाणी पूर्ण बंद आणि रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग असे लिहिलेले होते. दुसरीकडे माझ्या भाच्याने फोनवर आलेला एक सल्ला पुढे पाठवला. त्यात किडनी स्वच्छ राहण्यासाठी दिवसाला चार लिटर पाणी प्या, डाळी पूर्ण सोडा आणि फळांवर राहा, असे होते. दोन्ही सल्ले तितक्याच मायेने दिलेले होते आणि दोन्ही एकाच वेळी पाळणे कोणालाही शक्य नव्हते.

मी वन्संचा कागद घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि सांगितले की हा कागद चुकीचा नाही, पण तो तुमचा नाही. डायलिसिसवरच्या माणसाला लघवी फारशी होत नाही, म्हणून त्याला पाणी मोजून द्यावे लागते. मला लघवी व्यवस्थित होत होती आणि पायांवर सूज नव्हती, तेव्हा मला पाणी तोडण्याचे कारण नव्हते आणि चार लिटर पिऊन काही धुऊन निघणारही नव्हते. डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जातात, म्हणून त्या माणसाला ती जास्त द्यावी लागतात. माझ्यासाठी किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला चाळीस-बेचाळीस ग्रॅम पुरेशी होती. याचा अर्थ डाळ बंद करायची नव्हती, वरण-भाकरी, दही आणि एखादे अंडे एवढ्यात ते सहज बसत होते. या वयात प्रथिने तोडली तर स्नायू झडतात, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. त्यावेळी क्रिएटिनिन सुधारल्यासारखे दिसते, पण ते स्नायू गेल्यामुळे, हेही त्यांनी सांगून ठेवले. माझे रक्तातले पोटॅशियम तेव्हा ४.५, म्हणजे मर्यादेत होते, म्हणून ते कमी करण्यासाठी भाज्या उकळून त्यांचे पाणी फेकण्याचीही गरज नव्हती. पोटॅशियम वाढले तर बघू, असे त्या म्हणाल्या.

ज्याची गरज होती ती गोष्ट दोन्ही सल्ल्यांमध्ये नव्हती. ती म्हणजे मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्या घरात मीठ चिमटीने पडते, त्यामुळे किती जाते याचा कोणालाच अंदाज नव्हता. बाईंनी सुचवलेला उपाय सोपा होता. आम्ही दोघेच राहतो, तेव्हा दोघांचे महिन्याचे तीनशे ग्रॅम मीठ एका बरणीत वजन करून काढायचे आणि स्वयंपाकात दुसरे मीठ वापरायचेच नाही. पहिल्या महिन्यात बरणीचा तळ फारच लवकर दिसला, आणि त्यात लोणचे, पापड व बाहेरचे फरसाण धरलेले नव्हते. भाकरीत आम्ही मीठ घालत नाही, हा एक फायदा होता. पण विकतच्या कडक भाकरीत ते असू शकते, म्हणून ती आता विचारून घ्यावी लागते.

शेंगा चटणीचे काय, हा सोलापुरात टाळता न येणारा प्रश्न होता. विकतची चटणी मी बंद केली आणि घरी उखळात पुन्हा कुटायला सुरुवात केली. दाणे मंद आचेवर खरपूस भाजून, लसूण आणि जिरे थोडे वाढवून, मीठ निम्म्यावर आणून तेल सुटेपर्यंत कुटली की मिठाची उणीव पुष्कळशी भरून निघते. पहिला आठवडा यजमानांनी कुरकुर केली, नंतर त्यांना बाहेरची चटणी खारट लागू लागली. शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही आहेत; पण एक चमचा चटणी आणि वाटीभर कूट घातलेली भाजी यांत फरक आहे, आणि तो फरक राखला तर चटणी ताटातून काढावी लागत नाही. एक इशारा मात्र द्यायला हवा. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ दुकानात मिळते, त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड असते. किडनी कमकुवत असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि उपवासाचे सैंधव हेही शेवटी मीठच आहे, त्याला सूट नाही.

औषधांत तीन बदल झाले. मेटफॉर्मिनची मात्रा निम्मी झाली, कारण क्षमता ४५ च्या खाली गेल्यावर ती कमी करतात आणि ३० च्या खाली पूर्ण थांबवतात. रक्तदाबाच्या आधीच्या गोळीऐवजी टेलमिसार्टन सुरू झाली. ती दाब तर उतरवतेच, शिवाय लघवीतून जाणारे अल्ब्युमिनही कमी करते. तिसरी गोळी डॅपाग्लिफ्लोझिन. ही मुळात साखरेची गोळी, पण मूत्रपिंडाची घसरण ती मंद करते असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले, तेही साखर नसलेल्या रुग्णांमध्येसुद्धा. त्याच वर्षी भारतात तिचे पेटंट संपल्यामुळे अनेक कंपन्यांनी ती बनवायला घेतली, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ती परवडू लागली. या गोळीने लघवीतून साखर जाते, त्यामुळे बायकांना खाजगी जागी बुरशीचा त्रास होण्याचा संभव असतो. डॉक्टरांनी हे पुरुष असूनही स्पष्ट शब्दांत सांगितले आणि स्वच्छतेच्या सूचना दिल्या, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटले. माझ्या वयाच्या किती जणी हा त्रास संकोचाने अंगावर काढत असतील, कोण जाणे.

गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभराने क्रिएटिनिन १.६ आले आणि ईजीएफआर ३४ वर उतरला. औषधाने किडनी आणखी बिघडवली, असा घरात सूर निघाला, आणि मुलाने पुण्याहून फोन करून गोळ्या बंद करण्याचा सल्ला दिला. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते म्हणून मी शांत राहिले. या औषधांनी गाळण्याच्या जाळीवरचा दाब कमी होतो, त्यामुळे सुरुवातीला आकडा थोडा खाली येतो. क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या तीस टक्क्यांपर्यंत वाढले तरी ते चालवून घेतात. पुढच्या तपासण्यांत ते १.५ वर स्थिरावले आणि ईजीएफआर ३७ च्या आसपास राहिला.

पोटॅशियमचा प्रश्न आला तो आषाढात. टेलमिसार्टनने पोटॅशियम वाढू शकते, म्हणून ती ४० वरून ८० केल्यानंतर ठरल्याप्रमाणे रक्त तपासले, ते नेमके आषाढी एकादशीनंतर दोन दिवसांनी, आणि पोटॅशियम ५.७ आले. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे त्या आठवड्यात घराघरांत उपवासाचेच राज्य असते. डॉक्टरांनी आधी पुन्हा रक्त घ्यायला लावले, कारण दंडाला पट्टा फार वेळ आवळलेला राहिला, मूठ वारंवार आवळली किंवा नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत रक्तपेशी फुटल्या, तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. दुसरा आकडा ५.४ आला, म्हणजे वाढ खरीच होती. मग एकादशीला काय काय खाल्ले, याची चौकशी झाली. बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, दाण्याची आमटी, दोन केळी आणि शेजाऱ्यांनी आणून दिलेले शहाळे. ही यादी वाचताना डॉक्टरांना हसू आवरेना. वन्संच्या कागदावर जे जे बंद होते, ते सारे आपण उपवासाला एकत्र जमवतो.

आता मात्र त्या कागदातला तेवढा एक भाग माझाही झाला. गंमत अशी की या सगळ्यांत साबुदाणा निर्दोष आहे. त्यात पोटॅशियम नावालाच असते, दोष त्याच्या सोबत्यांचा असतो. तेव्हापासून माझ्या एकादशीला भगर आणि दही असते, खिचडीत दाण्याचे कूट चमचाभर असते, आणि बटाटा हवाच असेल तर तो बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलेला असतो. केळ्याऐवजी नासपतीची फोड किंवा सफरचंद, आणि शहाळे नाही. टेलमिसार्टन डॉक्टरांनी थांबवली नाही. चांगले औषध सोडण्यापेक्षा आहार सांभाळावा आणि लघवी वाढवणारी एक गोळी जोडावी, असे त्यांनी ठरवले, आणि पुढच्या वेळी पोटॅशियम ४.९ आले.

रक्त देण्याच्या बाबतीतही एक पथ्य मला सांगितले गेले. पुढे कधी डायलिसिसची वेळ आलीच, तर हातातली शीर आणि रोहिणी जोडून फिस्टुला करतात, आणि ती तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्यासाठी ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या शिरा जपून ठेवायच्या. म्हणून मी डाव्या हाताच्या कोपरात सुई टोचू देत नाही. प्रयोगशाळेतला मुलगा प्रत्येक वेळी म्हणतो, "आजी, हितं शीर किती छान दिसतीय की!" आणि मी प्रत्येक वेळी उजव्या हाताचा पंजा पुढे करते. तिथे दुखते जास्त.

त्या निमित्ताने डायलिसिसविषयी मी सरळच विचारले होते. डॉक्टरांनी वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन हे चार आकडे संगणकावर भरले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूत्रावरून पुढच्या पाच वर्षांत मूत्रपिंडे निकामी होण्याची शक्यता त्यावरून काढता येते. माझी ती शंभरात दोनपेक्षाही कमी निघाली. त्याहून हृदयविकाराचा धोका मोठा आहे, असे सांगून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी वाढवली. वन्संच्या घरातली डायलिसिसची वर्षे मी जवळून पाहिली होती, आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून घेणे काय असते हे मला माहीत होते, आणि त्या चित्रावरूनच मी आणि घरातले सगळे माझे भविष्य ठरवून बसलो होतो. या आकड्याने ते चित्र माझ्यापुरते बाजूला झाले. तरीही उद्या वेळ आली तर ऐंशीच्या पुढच्या वयात डायलिसिस घ्यायचे की औषधांवर राहून त्रास तेवढा कमी ठेवायचा, हा निर्णय माझा असेल, हे मी मुलाला आणि सुनेला बसवून सांगितले आहे. सूनबाईंनी ते ऐकून घेतले. मुलाने विषय बदलला.

उन्हाळ्याबद्दल लिहिलेच पाहिजे. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो. यासाठी डॉक्टरांनी फाइलच्या आतल्या बाजूला लिहून दिले आहे की उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन खाणे-पिणे थांबले, तर टेलमिसार्टन, डॅपाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी तेवढ्यापुरत्या थांबवायच्या व कळवायचे. गेल्या मे महिन्यात अक्कलकोटच्या एका लग्नाहून आल्यावर मला जुलाब लागले. गोळ्या थांबवल्या, ओआरएस घेतले, फोन केला. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.९ होते, पंधरवड्याने पुन्हा १.५. हेच वेदनाशामक गोळ्यांसह घडले असते तर आकडा कदाचित परत आला नसता, असे डॉक्टर म्हणाले.

रक्तदाब घरी सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे स्वस्थ बसून मोजते, आणि आठवड्यातून एकदा उभी राहूनही. उभे राहिल्यावर माझा दाब उतरतो आणि चक्कर येते, म्हणून डॉक्टरांनी वरचा आकडा १२० च्या आत आणण्याचा आग्रह सोडून १३० पर्यंत चालेल असे ठरवले. हिमोग्लोबिन १०.८ आहे, त्यासाठी लोह चालू आहे. कावीळ-बची लस झाली.

गुडघे मात्र राहिलेच. वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉलने फारसे भागत नाही, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी दिलेल्या काढ्याच्या बाटलीवर त्यात काय काय आहे ते लिहिलेलेच नव्हते, म्हणून ती मी उघडली नाही. शेवटी एका गुडघ्याचा सांधा बदलायचे ठरले. या वेळी अस्थिरोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून एकच कागद केला आहे. डॅपाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी बंद, टेलमिसार्टन त्या दिवशी सकाळी घ्यायची नाही, शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी कोणती औषधे चालतील व कोणती नाहीत, प्रतिजैविकांची मात्रा ईजीएफआर पाहून, आणि दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन व पोटॅशियम. तारीख सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेनंतरची घेतली आहे. वन्संनी तो कागद वाचायला मागितला, आणि यात पाण्याचे काहीच कसे लिहिलेले नाही, असे विचारले.